बोंडअळीच्या नोंदी आणि कोड सर्वांसाठी खुला करताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांच्या नोंदी आणि त्यांच्या विश्लेषणाचा, आर या संगणकीय भाषेतला कोड आम्ही झेनोडो या संशोधन-माहिती साठवणाऱ्या संकेतस्थळावर खुला ठेवला आहे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातून हे काम करता येतं. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही की महागडं सॉफ्टवेअर. या विषयावरचं मार्गदर्शन मात्र जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे आणि त्यात सातबारा, गुंठा, कृतिदेव फॉन्ट किंवा पोळा यांचा उल्लेख सापडणार नाही. आपल्याकडे काम अडतं ते नेमकं तिथेच. म्हणून ही प्रक्रिया जशी पार पडते तशी इथे लिहितो आहोत.

शोधनिबंधाच्या शेवटी ‘माहिती मागणी केल्यास उपलब्ध’ असं एक वाक्य टाकायची रीत आहे. ते वाक्य कितपत पाळलं जातं, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलं गेलं. असं आश्वासन देणाऱ्या १७९२ निबंधांच्या लेखकांकडे माहिती मागितली, तेव्हा ७ टक्क्यांहूनही कमी लेखकांनी ती प्रत्यक्ष दिली. बाकीच्यांच्या मनात खोट होती असं आम्हाला वाटत नाही. संगणक बदलतो, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, रकान्यांचे अर्थ त्याच्याबरोबर जातात आणि पाच वर्षांनी स्वतःचीच फाईल स्वतःला उलगडत नाही. म्हणून माहिती खुली करायची तयारी पहिल्या सापळ्याच्या पहिल्या मोजणीपासूनच सुरू होते. शेवटी फाईल चढवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

आधी सापळ्याचं पाहू. गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाचं कृत्रिम रूप म्हणजे गॉसिप्ल्युर. त्याचं ल्युर, म्हणजे आमिष, सापळ्यात बसवलं की नर पतंग येतात. पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे लावतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा त्याहून जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. २०१७च्या हंगामात विदर्भात या अळीने जो कहर केला, त्यानंतर हा निकष गावोगावी सांगितला गेला. आता या ‘सलग तीन रात्री’चा विचार करा. आठवड्याची बेरीज ६० लिहिली असेल तर रोजची सरासरी साडेआठच्या वर जाते. पण ते साठच्या साठ पतंग दोनच रात्रींत आले असू शकतात. बेरजेवरून पातळी ओलांडली की नाही हे कळत नाही, आणि मूळ रोजचे आकडे फेकून दिले असतील तर ते पुन्हा कधीच कळणार नाही. म्हणून एक ओळ म्हणजे एका सापळ्याची एक मोजणी, हा नियम. त्या ओळीत सापळ्याचा क्रमांक, मागच्या मोजणीची तारीख, या मोजणीची तारीख, पतंगांची संख्या आणि सापळ्याची स्थिती. मधल्या रात्री किती होत्या हे कोड मोजतो, माणसाने लिहायचं नाही.

स्थितीचा रकाना सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. पतंग आलेच नाहीत तर ०. नाल्याला पूर आल्याने शेतात जाता आलं नाही, सापळा वाऱ्याने पडला, पिशवी फाटली, तर संख्येची जागा रिकामी आणि शेजारी कारण. रिकाम्या जागा शून्य धरल्या तर सरासरी खाली येते, आणि ती खाली येते नेमकी मुसळधार पावसाच्या आठवड्यांत. मग पाऊस झाला की पतंग घटतात असा निष्कर्ष आपोआप हाती येतो; प्रत्यक्षात घटलेली असते मोजणी. ल्युर बदलल्याची तारीखही स्वतंत्र लिहावी. साधारण तीन आठवड्यांत गंध मंदावतो. नवं ल्युर लावताच संख्या उसळते, आणि बदलाची तारीख माहीत नसलेला अभ्यासक ती उसळी नव्या पिढीची समजतो. सापळ्याचा प्रकारही लिहावा, कारण नरसाळ्याच्या सापळ्यात पिशवी भरेपर्यंत पतंग साठतात, पण चिकट सापळ्याचा पृष्ठभाग पतंगांनी आणि धुळीने भरला की तो पकडायचंच थांबतो.

यापुढची अडचण क्षेत्रफळाची. ‘१.२०’ हा आकडा घ्या. सातबाऱ्यावर तो १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास ३ एकर. शेतकऱ्याने तोंडी सांगितलेलं कुणी तसंच लिहून घेतलं असेल तर तो १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. दोन्हींत दुपटीचा फरक. त्यात एक्सेल शेवटचं शून्य खाऊन टाकतं आणि १.२ उरतं. मग ते २० गुंठे होते की २ गुंठे, हेही ठरवता येत नाही, कारण २ गुंठ्यांना १.०२ लिहिण्याची शिस्त सगळेच पाळत नाहीत. यावर उपाय एकच: एकर, गुंठे, हेक्टर, आर असे चार वेगळे रकाने ठेवायचे, ज्या पद्धतीने माहिती मिळाली ते दोनच भरायचे आणि एकूण हेक्टर कोडने काढायचे. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर, एका हेक्टरचे २.४७१ एकर. उत्पादनाचंही तसंच. एकरी क्विंटल की हेक्टरी, हे रकान्याच्या नावातच असावं. प्रत्येक वेच्याचा कापूस वेगळा लिहावा आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा, कापूस धरला आहे का याचा स्वतंत्र रकाना असावा. फरदड घेतलेल्या शेताचं उत्पादन जास्त दिसतं, आणि बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो तोही त्याच पऱ्हाटीत. फरदड घेणारे आणि न घेणारे शेतकरी एकाच रांगेत मिसळले की दोन्ही बाजूंनी गणित चुकतं.

तारखा दोन ठिकाणी बिघडतात. पहिलं ठिकाण एक्सेल. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०७/२०२४ म्हणजे ५ जुलै न राहता ७ मे होते, पण १८/०७/२०२४ मात्र जसंच्या तसं राहतं, कारण अठरावा महिना नसतो. त्यामुळे रकान्यातल्या काही तारखा उलटतात, काही नाही, आणि वरवर पाहता काहीच खटकत नाही. ओळखायची खूण अशी की उजवीकडे सरकलेल्या नोंदी खऱ्या तारखा असतात आणि डावीकडच्या नुसता मजकूर. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने भरून घेणं सगळ्यात सुरक्षित. प्रकाशित फाईलमध्ये २०२४-०७-०५ याच क्रमाने तारीख द्यावी. दुसरं ठिकाण म्हणजे शेतकऱ्याचं स्वतःचं कालमापन. पेरणी ‘मृगात’ झाली, पहिली फवारणी ‘पोळ्याच्या आधी’ झाली, डोमकळ्या (अळी लागल्याने नीट न उमललेली फुलं) ‘पोळ्याच्या पाडव्याला’ दिसल्या. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतं, ते जवळपास स्थिर. पोळा मात्र अमावास्येचा: २०२३ मध्ये तो १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. तीन हंगामांच्या ‘पोळ्याआधी’ला एकच तारीख दिली तर तीन आठवड्यांहून जास्त फरक पडतो, आणि तेवढ्यात अळीची स्थिती पार बदलते. म्हणून तीन रकाने: सांगितलं तसं शब्दांत, त्यावरून धरलेली तारीख, आणि ती किती दिवस मागेपुढे असू शकते. मूळ शब्द पुसू नयेत. आपण काढलेल्या तारखेशी एखादा असहमत असेल तर त्याला मूळ शब्दांपर्यंत जाता आलं पाहिजे.

मराठी मजकुराचा प्रश्न तालुका कार्यालयांतून आलेल्या याद्यांपाशी सुरू होतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली गावांची नावं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराच्या तक्त्याच्या, फाईलमध्ये फॉन्ट साठत नाही. त्यामुळे तशी फाईल करताच नावांच्या जागी अर्थहीन अक्षरं येतात. रूपांतरक वापरून युनिकोड करून घ्यावं लागतं, आणि त्यानंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. त्या जुन्या फॉन्टांत ही चिन्हं दिसण्याच्या क्रमाने साठतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या. म्हणून जोडाक्षराजवळ ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. सगळं नीट झालं तरी ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतात. दिसायला तंतोतंत सारखे, संगणकाला मात्र वेगळे. गावाच्या नावावरून दोन तक्ते जोडले की त्या गावाच्या ओळी कसलीही सूचना न देता गळतात. शिवाय खैरी आणि पिंपळगाव प्रत्येक तालुक्यात भेटतात. म्हणून जोडणी नेहमी २०११च्या जनगणनेच्या सहा अंकी गावक्रमांकावरून करावी आणि नाव फक्त वाचणाऱ्यासाठी ठेवावं. देवनागरी अंकांत भरलेली संख्या आर भाषेला संख्या वाटत नाही, ती रिकामी जागा होते. कोडच्या सुरुवातीलाच अंक बदलून घेणारी एक ओळ टाकली की हे मिटतं.

इथवरच्या गोष्टी चुकल्या तर आकडे चुकतात. आता जे सांगतो आहोत ते चुकलं तर माणसाला त्रास होतो, म्हणून त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला.

शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर काढला की माहिती निनावी झाली असं समजतात. पण फाईलमध्ये गाव आणि गट क्रमांक राहिला असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढून कुणीही खातेदाराचं नाव वाचू शकतो. गट क्रमांक हे नावच आहे असं समजून तो काढला पाहिजे, आणि त्याच्या जागी येणारा क्रमांक यादृच्छिक असला पाहिजे. गट क्रमांकात काही मिळवून केलेला ‘गुप्त’ क्रमांक कुणीही उलटा फिरवतो. जीपीएसचे चार दशांश म्हणजे सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा, म्हणजे थेट धुऱ्यावर नेऊन उभं करणं. दोन दशांश ठेवले की अचूकता सुमारे एक किलोमीटरवर येते. विश्लेषणाचं त्याने काही अडत नाही, कारण हवामान खात्याचं रोजच्या पावसाचं खुलं जाळं ०.२५ अंशांचं, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरच्या चौकटीचं आहे. जिनिंगपासूनचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यापासूनचं, अंतर आमच्या कामात महत्त्वाचं होतं, कारण सरकीतून आलेले पतंग तिथून निघतात. ते अंतर आम्ही टप्प्यांत दिलं, नेमक्या मीटरमध्ये दिलं नाही.

फोटोंकडे विशेष लक्ष द्यावं. किडक्या बोंडाचा जवळून घेतलेला फोटो निरुपद्रवी दिसतो, पण मोबाइलने त्यात जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवलेले असतात. एक्झिफटूल या मोफत साधनाने सगळ्या फोटोंमधली ही माहिती एका आज्ञेत पुसता येते. व्हॉट्सअॅपवरून मागवलेल्या फोटोंत ती उरत नाही, पण फोटोही दाबला जातो आणि अळीचा रंग-आकार तपासायच्या कामाचा राहत नाही.

मग रकान्यांची जोडी लावून पाहायची. गावात ठिबकवर दहा एकर कपाशी लावणारा एकच शेतकरी असेल तर गाव, सिंचन आणि क्षेत्र या तीन रकान्यांनी तो पारावर बसलेल्या कुणालाही ओळखू येतो. क्षेत्र वर्गात द्यावं: १ हेक्टरपर्यंत अत्यल्प, १ ते २ अल्प, त्यापुढे इतर. कोडने प्रत्येक जुळणीत किती शेतकरी आहेत ते मोजावं आणि ५ पेक्षा कमी असतील तिथे गावाऐवजी महसूल मंडळ लिहावं. कर्ज, जात, फवारणीतून झालेली विषबाधा असे रकाने प्रश्नावलीत होते म्हणून चढवू नयेत. निष्कर्षाला ज्यांचा उपयोग नाही, ते बाहेर जाऊ नयेत.

कोलाम आदिवासींच्या पोडांचा, म्हणजे वस्त्यांचा, प्रश्न याहून पुढचा आहे. पोडावर मोजकी घरं असतात. नाव नसलं तरी ‘अमुक पोडावर फवारणी बेसुमार’ असा आकडा सगळ्या पोडावर शिक्का मारतो. तिथे एकेका शेतकऱ्याची संमती पुरेशी नाही. पोडावर बसून, कोलामीत बोलणारा माणूस सोबत घेऊन, सगळ्यांसमोर विचारावं लागतं. आदिवासी समूहांच्या माहितीवर त्या समूहांचा अधिकार मानणारी केअर तत्त्वं २०१९ मध्ये मांडली गेली, ती याच कारणासाठी. खुल्या विज्ञानात ज्या फेअर तत्त्वांचा उल्लेख सतत होतो, ती २०१६ची. ती माहिती सापडण्या-वापरण्याबद्दल बोलतात, माहिती ज्यांची आहे त्यांच्याबद्दल फारसं नाही. आमच्या मते दोन्ही सोबतच वाचावीत.

संमतीपत्रात एक वाक्य सुरुवातीपासून हवं: ‘तुमचं नाव, गट क्रमांक आणि नंबर काढून ही माहिती कोणालाही पाहता येईल अशी इंटरनेटवर कायमची ठेवली जाईल.’ त्यातला ‘कायमची’ हा शब्द गाळू नये. हे वाक्य नसलेल्या जुन्या संमतीपत्रांवर गोळा झालेली माहिती पुन्हा विचारल्याशिवाय खुली करता येत नाही. सही-अंगठ्याचे कागद आणि नावं-क्रमांक जोडणारी फाईल वेगळ्या जागी, कुलपात.

कोडचं काम तुलनेने सरळ आहे. मूळ फाईल केवळ वाचण्यापुरती ठेवायची आणि तिच्यात हाताने एकही अक्षर बदलायचं नाही. प्रत्येक दुरुस्ती कोडच्या ओळीत, कारणासहित. फाईलींना क्रमांक द्यावेत, म्हणजे आधी स्वच्छता, मग जोडणी, मग विश्लेषण, मग आलेख, हे पाहताच कळतं. नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. स्वतःच्या संगणकावरचा सी-ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता कोडमध्ये असला की तो दुसरीकडे पहिल्याच ओळीला थांबतो, म्हणून पत्ते प्रकल्पाच्या फोल्डरपासून द्यावेत. आर आणि तिच्या पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवणं ऐच्छिक समजू नये. २०१९च्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक निवडीची पद्धत बदलली. त्यामुळे तेच बीज (निवड जिथून सुरू होते तो आकडा) देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत नमुना वेगळा निघतो. २०२०च्या ४.०.० मध्ये मजकुराचे रकाने वाचण्याची मूळ पद्धत बदलली. आरएन्व्ह पॅकेज सगळ्या आवृत्त्यांची कुलूप-फाईल बनवतं, ती कोडसोबत ठेवावी. पावसाच्या फाईली स्वतः पुन्हा प्रकाशित करू नयेत. त्या कुठून, कोणत्या चौकटीच्या घ्यायच्या ते लिहून उतरवण्याचा कोड द्यावा.

कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर एक धोका आहे. एकदा जमा केलेली फाईल नंतर काढली तरी इतिहासात राहते. नावं असलेली यादी एकदा जरी जमा झाली असेल तर ती कुणालाही मागे जाऊन काढता येते. म्हणून कामाचं भांडार खासगी ठेवून, प्रकाशनासाठी स्वच्छ फाईलींचं नवं भांडार सुरू करणं हाच खात्रीचा मार्ग. १०० एमबीपेक्षा मोठी फाईल गिटहब घेत नाही. फोटो तिथे ठेवूच नयेत.

त्यानंतरची परीक्षा सगळ्यात मोलाची. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या, पण आर येणाऱ्या माणसाला फक्त वाचा-आधी (रीडमी) फाईल आणि फोल्डर द्यायचं, त्याच्या संगणकावर सगळं चालवायला सांगायचं आणि शेजारी बसून एक शब्दही बोलायचा नाही. तो जिथे प्रश्न विचारतो तिथे वाचा-आधी फाईल अपुरी आहे. निबंधातला प्रत्येक तक्ता त्याच्याकडे तसाच निघाला पाहिजे. वाचा-आधी फाईलमध्ये प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, चालणाऱ्या किमती आणि रिकाम्या जागेचा अर्थ हवा. आम्ही ती मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत ठेवली: मराठी इथल्या विद्यार्थ्यांसाठी आणि कृषी सहायकांसाठी, इंग्रजी तेलंगणा-गुजरातच्या कापूसपट्ट्यातल्यांसाठी.

परवान्याबाबत गैरसमज फार आहेत. परवाना लिहिलाच नाही तर माहिती मोकळी होत नाही, उलट कायद्याने सगळे हक्क राखीव राहतात. माहितीला सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना) आणि कोडला एमआयटी परवाना, ही आमची निवड. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने कोडसाठी वापरू नयेत असं ती संस्था स्वतःच सांगते. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ हे कलम लावायचा मोह बियाणे कंपन्या डोळ्यांपुढे येऊन होतो. पण त्या कलमाने शेतकरी उत्पादक कंपनीचा सल्लागारही अडतो, म्हणून आम्ही ते लावलं नाही.

झेनोडो ही युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेची २०१३ पासूनची मोफत सेवा आहे. एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाईली चालतात. फोटो वर्षवार झिप केले की ही मर्यादा आड येत नाही. आधी तिच्या सरावाच्या जागेवर सगळं एकदा करून पाहावं. प्रकाशित करण्याआधी डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक, राखून घेता येतो, तो वाचा-आधी फाईलमध्ये आणि निबंधात लिहून मगच फाईली चढवाव्यात. लेखकांचे सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकांचे ओळख क्रमांक, द्यावेत. शेतात मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं, त्यांना विचारून, लेखकांत असावीत. भारनियमन आणि मोबाइलचं नेट यांचा भरवसा नसतो, त्यामुळे मोठ्या झिपचे तुकडे करावेत, म्हणजे मध्येच जोडणी तुटली तर एकच तुकडा पुन्हा चढवावा लागतो. चढवल्यावर झेनोडो दाखवतं तो एमडी-५ आकडा (फाईल जशीच्या तशी पोचली का हे तपासायचा) आपल्या फाईलच्या आकड्याशी जुळवून पाहावा. नोंदीचं वर्णन नंतर बदलता येतं, फाईल सहसा नाही. म्हणून प्रकाशनाचं बटण दाबण्याआधी गट क्रमांक, नंबर आणि फोटोंमधली जागा यांची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी.

गावाला त्याचा वाटा एका पानावर जातो: मंडळातल्या सापळ्यांत पतंगांची संख्या कोणत्या आठवड्यात पातळीवर गेली, एवढाच आलेख, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर. तो त्याच कोडमधून निघतो, त्यामुळे प्रत्येक हंगामाला वेगळी मेहनत पडत नाही.

पुढे चूक सापडली तर जुनी फाईल तशीच ठेवून नवी आवृत्ती काढायची. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक डीओआय असतो. निबंधात नेहमी आवृत्तीचा द्यावा, कारण सामाईक डीओआय वाचकाला कायम सगळ्यात नव्या फाईलकडे नेतो आणि छापलेले आकडे तिच्याशी जुळतीलच असं नाही. काय बदललं आणि कोणत्या तक्त्यावर परिणाम झाला, हे बदलनोंदीत तारखेसह लिहावं. विचारणा बहुतेक रकान्यांच्या अर्थाची येते. त्यावर एकट्यालाच उत्तर पाठवून थांबू नये. तेच उत्तर वाचा-आधी फाईलमध्ये घालून पुढची आवृत्ती काढावी.